नर्सरीतल्या बाई

पुण्यातल्या धायरीच्या त्या रो-हाउसचं फाटक वर्षभर अर्ध्याच्या वर उघडत नव्हतं. आतल्या बाजूचं जाड पानांचं जेडचं झाड वाढत वाढत कमरेच्या वर आलं होतं आणि स्वतःच्याच फांद्यांच्या वजनाने फाटकावर रेललं होतं. पलीकडे त्रिधारी निवडुंग भिंतीवरून डोकं काढून उभा होता. पायऱ्यांच्या कडेने मांडलेल्या कुंड्यांतून कोरफडीची पिल्लं बाहेर सांडली होती. एके काळी गुलाबाच्या फुलासारखी घट्ट दिसणारी मांसल पानांची लहान सक्युलंट्स आता उन्हाच्या शोधात माना लांब करून वाकडीतिकडी पसरली होती. कुरिअरवाला आत न येता बाहेरूनच हाक मारायचा.

"बरंय," रंगनाथराव म्हणायचे, "चोर आला तर त्यालाही आडवं होऊनच यावं लागेल."

त्यांच्या पत्नी नम्रताबाई ते ऐकून आत वळत. बाग त्यांची नव्हतीच. ती त्यांच्या सुनेने, स्वरालीने लावली होती, आणि स्वरालीला हे घर सोडून आता चौथं वर्ष लागलं होतं.

स्वराली मूळची नागपूरची. कर्वेनगरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. नम्रताबाईंच्या मुलाची, अभिनवची आणि तिची ओळख कुठल्याशा ट्रेकमध्ये झाली आणि वर्षभरात लग्न ठरलं. लग्न दोन्ही पद्धतींनी झालं. सकाळी तिच्या घरच्यांची बुद्धवंदना, संध्याकाळी इकडच्या मंगलाष्टका. नम्रताबाईंच्या माहेरच्या काही मंडळींनी नेमकी त्याच दिवशी दुसरी कामं काढली. नम्रताबाईंनी त्याचा बाऊ केला नाही. आपण त्यांच्यासारख्या नाही, याचं त्यांना मनातून थोडं कौतुकही वाटत आलं होतं.

ते लग्न मोडलं तेव्हाही आरडाओरडा असा झाला नाही. दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले आणि एक दिवस मुकाट्याने वकिलाकडे गेले. जाताना स्वरालीने कपड्यांच्या आणि पुस्तकांच्या बॅगा नेल्या. कुंड्या नेल्या नाहीत. नम्रताबाईंनी त्यांना अधूनमधून पाणी घातलं, पण हात कधी लावला नाही. दुसऱ्याच्या कपाटातले कपडे आवरायला घ्यावेत, तसं काहीतरी त्यांना वाटायचं.

आता अभिनवचं निकिताशी ठरलं होतं. निकिता त्याच्याच कंपनीतली, तिचं हे पहिलंच लग्न. त्यामुळे तिच्या आईने पहिल्या भेटीत चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच विचारलं होतं, "आधीच्या मुलीचं येणं-जाणं, फोन वगैरे काही आहे का?"

"छे, काहीच नाही," नम्रताबाई म्हणाल्या होत्या. त्या वेळी ते खरंच होतं.

दोघी मायलेकी रविवारी घर बघायला येणार होत्या. त्या आठवड्यात नम्रताबाईंनी बागेची कात्री शोधून काढली आणि फाटकापाशी उभं राहून निवडुंगाचा एक दांडा कचकन कापला. पांढरा चीक चिळकांडीसारखा मनगटावर उडाला. दचकून मागे सरकल्या तर पदर जेडमध्ये अडकला आणि चांगली जाडजूड फांदी बुंध्यापासून फाटून खाली आली. त्यांनी कात्री पायरीवर ठेवली. बराच वेळ त्या फाटलेल्या फांदीकडे बघत राहिल्या, मग आत जाऊन त्यांनी स्वरालीला फोन लावला.

"मी नम्रता बोलतेय. धायरीहून."

"हो, आवाज ओळखला." स्वराली म्हणाली, "सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत. अगं, तुझी झाडं फार वाढलीत. मी जरा कापायला गेले तर तो चीक उडाला."

"डोळ्यात नाही ना गेला?"

"नाही. मनगट लाल झालंय थोडं."

"साबण लावून चांगलं धुवा. आणि आता पुढे काही कापू नका." ती पुढे म्हणाली, "मी सोमवारी नागपूरला जातेय. तिकडच्या कॉलेजात नोकरी मिळाली, इथला फ्लॅट सोडतेय. शनिवारी सकाळी वेळ आहे. मी येऊन करून देऊ का?"

"ये की," नम्रताबाई म्हणाल्या. त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि का वाटलं ते त्यांना कळलं नाही.

रंगनाथरावांनी ऐकून घेतलं. "बोलावलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "पण अभिनवला कळव."

"तो बंगलोरला कामात आहे. आला की सांगते."

"सांगते म्हणजे सांगणार नाहीस," रंगनाथराव म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

शनिवारी स्वराली आली ती जुना कुर्ता, डोक्यावर कॅप आणि हातात कापडी पिशवी अशी. अर्ध्या फाटकातून अंग चोरून आत शिरताना तिने जेडच्या खोडावर हात ठेवला आणि "काय रे हे," एवढंच म्हणाली. रंगनाथरावांनी तिला कॉलेजचं विचारलं, वडिलांच्या तब्येतीचं विचारलं. मग फाटकावर लावायला दिव्यांची माळ आणायची म्हणून ते बुधवार पेठेत निघून गेले. माळेची काही घाई नव्हती. दोघींना मोकळं सोडावं म्हणून ते गेले, हे दोघींनाही समजलं.

स्वरालीने पिशवीतून हातमोजे काढले, एक जोडी नम्रताबाईंना दिली. सुरीचं पातं स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं आणि पायऱ्यांवर जुने पेपर अंथरले.

"आधी निवडुंग," ती म्हणाली. "तुम्ही त्या बाजूला उभ्या राहा. चीक माझ्याकडे येऊ दे."

निवडुंगाचे दांडे एकेक करून खाली आले. तिने ते पेपरात गुंडाळून बाजूला ठेवले. मग जेड. ती आधी झाडाभोवती फिरली, लांब जाऊन डोळे बारीक करून बघून आली आणि मगच सुरी लावली. फांदीवर जिथे पानांचा जुना वळ असतो, त्याच्या जरा वर कापायचं, म्हणजे तिथून दोन फुटवे येतात, असं ती सांगत होती. फाटलेल्या फांदीची जखम तिने सुरीने गुळगुळीत केली. नम्रताबाईंनी त्याबद्दल काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं. स्वराली म्हणाली, "भरून येतं. जेड चिवट असतं."

एका कुंडीत पानांच्या बेचक्यांत पांढरा कापूस लागल्यासारखं दिसत होतं. "पिठ्या ढेकूण," ती म्हणाली. बोळा स्पिरिटमध्ये बुडवून तिने तो नम्रताबाईंच्या हातात दिला. "हे तुमचं काम. हळू पुसा." दोघी शेजारी शेजारी पायरीवर बसून पुसत राहिल्या. लांब मानेच्या सक्युलंट्सची डोकी तिने छाटली, खालची वाळकी पानं ओरबाडून काढली आणि ती डोकी ओळीने पेपरावर सावलीत मांडून ठेवली.

"लगेच लावायची नाहीत का?"

"नाही. कापलेलं तोंड वाळू द्यायचं. ओलं लावलं की कुजतं. चार-पाच दिवसांनी लावा, आणि लावल्यावरही पाण्याची घाई करू नका. पाण्यानेच मरतात ही."

"मी तर रोज घालायचे," नम्रताबाई म्हणाल्या. "म्हटलं, तू गेल्यावर निदान पाणी तरी..."

स्वराली हसली. "तरी जगली म्हणजे बघा."

चहा दोघींनी पायरीवरच घेतला. नम्रताबाईंनी आत जाऊन लाडूंचा डबा आणला आणि लगेच एक कुंडी सरळ करायला वाकल्या. ती कुंडी जड होती.

"अहो आई, काय करून राहिल्या तुम्ही? कंबर धरेल," स्वराली म्हणाली आणि थबकली. सकाळपासून तिने त्यांना कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती. नुसतं 'अहो' म्हणून चालवलं होतं. नम्रताबाईंनी ऐकलं नसल्यासारखं केलं, पण कुंडी सोडून त्या तिच्याजवळ येऊन बसल्या. लग्नानंतर पहिल्या दिवाळीत त्यांनी तिच्या त्या नागपुरी 'करून राहिले'ला एकदा पाहुण्यांसमोर हटकलं होतं. पुढे मात्र तेच कानाला इतकं सवयीचं झालं होतं, की ती गेल्यावर घरात काय कमी झालं ते त्यांना बरेच दिवस समजत नव्हतं.

"अभिनवचं ठरलंय," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे. त्याने मेसेज केला होता." स्वरालीने कपातला शेवटचा घोट घेतला. "चांगली आहे म्हणे. बरं झालं."

फाटक आता मोकळं झालं होतं. स्वरालीने उठून ते पूर्ण उघडून पाहिलं, पुन्हा लोटलं, पुन्हा उघडलं. नम्रताबाईंना वाटलं, दुपारी तिला जेवायलाच थांबवावं. घरात वांगी होती, आणि तिला भरली वांगी आवडायची.

तेवढ्यात फाटकासमोर रिक्षा थांबली आणि निकिता उतरली. तिच्यामागून तिची आई.

"सॉरी हं आई, फोन न करताच आलो," निकिता म्हणाली. "सिंहगड रोडला ब्लाउज शिवायला टाकायचे होते. हिने म्हटलं, एवढं जवळ आहे तर आजच बघून घेऊ. उद्या परत कुठे यायचं."

नम्रताबाई पायरीवरून उठल्या. हातात मातीने भरलेले मोजे होते, ते कुठे ठेवावेत हे त्यांना सुचेना. निकिताच्या आईने अंगणभर पसरलेले पेपर पाहिले, निवडुंगाचे दांडे पाहिले, आणि मग तिची नजर स्वरालीवर येऊन थांबली.

"या कोण?" तिने विचारलं.

प्रश्न अगदी साधा होता. नम्रताबाईंच्या डोळ्यांपुढे त्या दिवशीचा चहाचा कप आला आणि आपलाच 'छे, काहीच नाही' ऐकू आला. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नर्सरीतल्या बाई आहेत. झाडं छाटायला बोलावलंय."

बोलून झाल्यावर त्यांनी स्वरालीकडे पाहिलं. स्वराली जेडच्या फांद्या गोळा करत होती. तिचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले. तिने मान वर केली तेव्हा तिचा चेहरा शांत होता, वर्गात उशिरा आलेल्या मुलाकडे बघावं तसा.

"घरी येऊन करता का तुम्ही?" निकिताच्या आईने विचारलं. "आमच्याकडे टेरेसवर असंच जंगल माजलंय."

"मी आता पुण्यात नसते," स्वराली म्हणाली.

निकिता पेपरावर मांडलेल्या डोक्यांकडे बघत उभी होती. मग तिने विचारलं, "ही अशीच ठेवायची का?"

"वाळू द्या. मग मातीत नुसती टेकवून ठेवा. मुळं धरतात आपोआप." स्वरालीने तिला ते अगदी सावकाश, नीट सांगितलं. मग सुरी पुसली, मोजे काढून पिशवीत टाकले आणि पसरलेले पेपर चुरगाळून एका गोणीत भरले. तिने पायऱ्या झाडूनसुद्धा काढल्या. नम्रताबाईंना म्हणायचं होतं, राहू दे, मी करते. पण तसं एखाद्या नर्सरीतल्या बाईला कोण म्हणतं?

"येते मॅडम," स्वराली म्हणाली आणि उघड्या फाटकातून निघून गेली.

मायलेकींनी घर पाहिलं. वरची खोली पाहिली, स्वयंपाकघराचा ओटा पाहिला, पाण्याच्या वेळा विचारल्या. नम्रताबाई उत्तरं देत होत्या. लाडूंचा डबा बाहेर पायरीवरच राहिला होता. त्या आणायला गेल्या तेव्हा त्याला मुंग्या लागल्या होत्या.

रंगनाथराव दिव्यांची माळ घेऊन आले तेव्हा घर रिकामं होतं. नम्रताबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि माळेचा गुंता सोडवत राहिले.

"स्वराली आहे, झाडं आवरायला आलीय, एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं?" त्यांनी विचारलं.

"मला सुचलं नाही."

"नर्सरी मात्र सुचली," रंगनाथराव म्हणाले. मग त्यांनाच ते जास्त झालंसं वाटलं असावं. ते उठले आणि त्यांनी बायकोसाठी पाणी आणलं.

नम्रताबाईंनी त्या संध्याकाळी स्वरालीला फोन केला नाही. रविवारी केला नाही. सोमवारी ती जाणार हे माहीत होतं. गाडी कधी सुटते हे माहीत नव्हतं, आणि तेच त्यांनी स्वतःला कारण दिलं. चार दिवस उलटल्यावर वाळलेली डोकी त्यांनी कुंड्यांत टेकवून ठेवली. पाणी घातलं नाही.

पुढच्या आठवड्यात निकिता एकटीच आली. आमंत्रणपत्रिकेचा मजकूर दाखवायचा होता. तो दाखवून झाला तरी ती उठली नाही.

"आई, त्या दिवशी आल्या होत्या त्या स्वराली ना?"

नम्रताबाईंच्या हातातला चष्मा मांडीवर पडला.

"मी फोटो पाहिलेत त्यांचे. अभिनवने मला सगळं दाखवलंय, सांगितलंय. मी रिक्षातून उतरताच ओळखलं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही सांगाल." निकिताने पत्रिकेच्या कागदाची घडी घातली, उलगडली. "नंतर वाटलं, मीच पुढे होऊन 'नमस्कार' म्हणायला हवं होतं. पण माझी आई शेजारी होती. तिला थोडा राग आला असता, घरी जाऊन बोलली असती, आणि मग संपलं असतं. एवढंच झालं असतं. आम्ही दोघी गप्प बसलो आणि त्या मात्र झाडू मारून गेल्या."

निकिता गेल्यावर नम्रताबाईंनी फोन लावला. स्वरालीने तो उचलला. मागून प्रेशर कुकरची शिट्टी आणि कुणीतरी मोठ्याने बोलत असल्याचा आवाज येत होता. तो हळूहळू लांब गेला, म्हणजे ती दुसऱ्या खोलीत आली असावी.

"माझं चुकलं," नम्रताबाई म्हणाल्या. त्यांनी बरंच काही जुळवून ठेवलं होतं, पण तेवढंच बाहेर आलं. "मी तसं बोलायला नको होतं. मी घाबरले गं."

"कळलं होतं मला, की तुम्ही घाबरलात."

"तू रागावली असशील."

"माझी आजी मुख्याध्यापिका होती," स्वराली म्हणाली. "तरी कुणाच्या लग्नकार्याला गेली की अनोळखी लोक तिला भांडी कुठे ठेवायची ते सांगायचे. नुसतं बघून ठरवायचे. ती घरी येऊन हसत हसत सांगायची आम्हाला. पण त्या लोकांना ती कोण हे माहीत नव्हतं, काकू. तुम्हाला माहीत होतं."

'काकू' हा शब्द नम्रताबाईंनी नीट ऐकला. दोन पद्धतींचं लग्न, न आलेले माहेरचे लोक, स्वतःबद्दलचं ते इतक्या वर्षांचं कौतुक, सगळं त्यांच्यापुढे येऊन उभं राहिलं आणि त्यातलं काहीच कामाला येईना.

"तसं माझ्या मनात नव्हतं," त्या शेवटी म्हणाल्या.

"नसेल. मीही तेच म्हणतेय स्वतःला. पण त्या क्षणी तुम्हाला दुसरं काही सुचलं नाही ना. मामेबहीण सुचली नाही, शेजारीण सुचली नाही." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकणं जास्त कठीण होतं. "मी त्या दिवशी झाडांसाठी नव्हते आले, काकू. जायच्या आधी तुम्हाला एकदा भेटावंसं वाटलं म्हणून आले होते. आणि सकाळ चांगली गेली होती."

"मी तुला जेवायला थांबवणार होते."

"थांबले असते," स्वराली म्हणाली. मग म्हणाली, "आता ठेवते. मुलांचे पेपर तपासायचे आहेत. तुम्ही जपा. फक्त, पुन्हा फोन नका करू. मला उचलावासा वाटेल, आणि मग दिवसभर काही सुचणार नाही."

लग्न ठरल्या मुहूर्तावर, नीट पार पडलं. अभिनवला निकितानेच सगळं सांगितलं. तो आईला काही बोलला नाही. दोन दिवस जरा कमी जेवला, इतकंच. बाग मात्र तरारली. छाटलेल्या जेडला खालून दाट फुटवे आले आणि लहान सक्युलंट्स पुन्हा घट्ट, गोल झाली. रविवारी सकाळी निकिता पायरीवर बसून वाळकी पानं काढते, कोरफडीची पिल्लं वेगळी करून शेजारणींना देते. नम्रताबाई तिला चहा आणून देतात. ती म्हणते, "बसा ना आई." त्या म्हणतात, "आत गॅसवर दूध ठेवलंय," आणि आत जातात. दूध बहुतेक वेळा आधीच उतरवून झालेलं असतं. त्या ओट्यापाशी उभ्या राहतात, बाहेर सुरी पुसल्याचा, कुंडी सरकवल्याचा आवाज ऐकत, निकिताने हाक मारेपर्यंत.